वाफसा आणि फोर-बाय-फोर

यवतमाळच्या दत्त चौकात कुणाचीही नवी गाडी उभी राहिली की तिची परीक्षा दोन प्रश्नांत उरकते. "ॲव्हरेज किती देते?" आणि "माणसं किती बसतात?" फोर-बाय-फोर घेतलेला माणूस या दोन्ही पेपरांत नापास होतो. ॲव्हरेज सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली येतो. चार जण बसतात म्हटल्यावर तर समोरचा गाडीकडे पाहायचं सोडून त्याच्याचकडे कीव आल्यासारखा पाहतो. एवढ्या लाखांत चार, हा हिशेब इथल्या माणसाच्या डोक्यात बसतच नाही. त्याचं बालपण काळीपिवळीत गेलेलं असतं.

काळीपिवळी ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगून पटायची नाही. कमांडर नाहीतर ट्रॅक्स. पुढं चार, मधे सहा, मागं आठ, टपावर गाठोडी आणि मागच्या पायरीवर 'इथंच तर उतरायचं आहे' म्हणणारे पाच-सहा, जे शेवटच्या गावापर्यंत उतरत नाहीत. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, म्हणजे तो आणि दार यांच्यामधेही एक प्रवासी असतो. मग ड्रायव्हर बसतो कुठं? तो बसत नाही, टेकतो. स्टिअरिंग त्याच्या उजव्या खांद्यासमोर आणि गिअरचा दांडा डावीकडच्या प्रवाशाच्या दोन गुडघ्यांमधे. चढ आला की ड्रायव्हर "पाय घ्या जी" म्हणतो. पण रोजचा प्रवासी असेल तर त्यानं पाय आधीच घेतलेला असतो, कारण इंजिनाचा आवाज पडला की आता दुसरा गिअर लागणार हे त्याला ड्रायव्हरच्याही आधी कळतं. नाल्यात उतरताना ड्रायव्हर मागं न पाहता हुकूम सोडतो, "डावीकडचे जरा उजवीकडं रेला!" आणि अठरा माणसं, एक शेळी आणि युरियाचं पोतं रेलतं. इंग्रजी मासिकांत 'वेट डिस्ट्रिब्यूशन' या विषयावर पानंच्या पानं लिहिलेली असतात. आमच्याकडे ते घाटंजीच्या स्टँडवर तिकिटाच्या पैशात शिकवतात.

अशा जिल्ह्यात आमच्या डॉक्टरांनी थार घेतली. दोन्ही डिफरन्शिअलला ताकद जाणारी, खरीखुरी फोर-बाय-फोर. ती घेण्यामागं कारण असं काही नव्हतं. दवाखाना घरापासून दीड किलोमीटरवर, तोही सिमेंट रस्त्यानं. पण 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार बाजारात आल्यापासून विदर्भातल्या पन्नाशीच्या पुरुषांना जे होऊन बसलं, ते त्यांनाही झालं. त्याचं औषध त्यांच्याकडेही नव्हतं. गाडी आली, लिंबू-मिरची लागली, पेढे वाटले गेले. पहिल्याच रविवारी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "आता दोन गोष्टी शोधायच्या. एक खराब रस्ता आणि दुसरी आपल्यासारखी माणसं."

मी म्हणालो, पहिल्या गोष्टीसाठी गाडी काढायचं कारण काय?

हे मी विनोद म्हणून म्हणालो नव्हतो. पण फोर-बाय-फोरवाल्यांचं शास्त्र वेगळं आहे. खड्डा पडलेला डांबरी रस्ता त्यांच्या हिशेबी खराब रस्ता नाही. तो नुसताच वाईट रस्ता. त्यांना हवा असतो तो मुळात रस्ताच नसलेला रस्ता. त्यात चढ हवा, दगड हवेत, पाणी हवं आणि पलीकडे पोचल्यावर फोटो काढायला एखादा पळस हवा.

माणसं मात्र लवकर सापडली. या गाड्यांचे मालक पेट्रोल पंपावर एकमेकांना हात करतात, तेवढ्यावर ओळख होते आणि तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपचा ग्रुप होतो. ग्रुपच्या नावात 'रॉयल' की 'टायगर' यावर आठवडाभर मतभेद झाले आणि शेवटी दोन्ही शब्द घालण्यात आले.

ग्रुपात एक ठेकेदार आले. त्यांची गाडी सगळ्यांत मळलेली, म्हणून सगळ्यांना त्यांच्याबद्दल आदर. पण ते रविवारी कधीच येत नाहीत. "आठवडाभर साइटवर तेच करून राहिलो ना जी, एक दिवस तं डांबर पाहू द्या," असं त्यांचं म्हणणं. जिल्ह्यात ऑफ-रोड टिकवून धरण्यात त्यांच्या व्यवसायाचा वाटा मोठा आहे, त्यामुळे गैरहजर राहूनही त्यांचं योगदान चालूच असतं. एक कार्यकर्ते आले. त्यांची गाडी दिसायला सगळ्यांत जोरदार: पुढं विंच, टपावर दिव्यांची रांग आणि मागं हाताएवढ्या अक्षरांत '4x4'. जानेवारी 2023 मध्ये कंपनीनं थारची स्वस्त, फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती काढली. ही गाडी त्यांतली. '4x4' हा स्टिकर आर्णी रोडच्या दुकानातून लावलेला. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. इतका समजूतदारपणा आमच्याकडे एरवी फक्त सोयरिकीच्या बोलण्यांत दिसतो.

कृषी केंद्रवाले भाऊ ग्रुपात आले आणि डॉक्टरांना हायसं वाटलं, कारण या माणसाला सोळाही तालुक्यांतल्या पांदणी, म्हणजे वावरांकडं जाणाऱ्या वाटा, तोंडपाठ. नेर ते झरी-जामणी कुठल्याही गावाचं नाव घ्या, ते सांगणार, "नाल्यापासून उजवीकडं वळा, चिंचेपाशी थोडं चोपण आहे, मंग पुढं मोकळं." त्यांना हे ज्ञान हौसेपोटी झालेलं नाही. बी-बियाणं आणि खतं उधारीवर दिल्यानंतर वसुलीसाठी फिरून ते मिळालेलं आहे. त्यांच्याबरोबर ट्रेल पाहायला जाण्यात एकच अडचण होती. ज्या वाटेनं जावं त्या वाटेवरचा माणूस त्यांना दुरून ओळखून तुरीत शिरायचा. वाट विचारायला कुणी उरायचंच नाही.

आणि एक काका आले. त्यांच्याकडे जुनी एमएम 540, रंग मूळचा कोणता हे आता सांगता येत नाही. बाकीच्यांच्या गाड्यांत फोर-व्हील लावायला बसल्या जागी एक दांडा ओढायचा असतो. काकांना खाली उतरून, पुढच्या दोन्ही चाकांची हब हातानं फिरवून, परत येऊन बसावं लागतं. त्यामुळे चिखलात शिरण्याआधी ते हमखास दोन मिनिटं चिखल पाहत उभे राहतात. पुष्कळदा ते हब न फिरवताच परत येऊन बसतात आणि गाडी वळवतात. ग्रुपमध्ये आजवर कधीच न फसलेली गाडी त्यांच्या एकट्याचीच. माझ्या मते नव्या गाड्यांतला तो दांडा काढून हब परत हातानं फिरवायला लावली, तर निम्मे अपघात कमी होतील. पण माझ्याकडे स्कूटर असल्यामुळे माझ्या मताला ग्रुपात वजन नाही.

तर माणसं जमली. आता ट्रेल.

इतर ठिकाणच्या लोकांना हे सोपं असतं. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड शिकवण्याची शाळाच आहे. तिथं चढ, उतार, पाणी आणि चिखल आखून ठेवलेले आहेत. गोव्यात 2014 पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा होते. मलेशियात सुरू झालेल्या या प्रकारात लोक पैसे भरून, बक्षिसासाठी, दिवसचे दिवस चिखलात गाड्या रुतवून घेतात. डॉक्टरांनी या बातम्या ग्रुपवर टाकल्या तेव्हा कृषी केंद्रवाल्या भाऊंनी विचारलं, "पैसे भरून?" आणि मग बराच वेळ ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही.

डॉक्टरांनी उपग्रहाचे नकाशे काढले. वरून पाहिलं की यवतमाळ जिल्हा म्हणजे ऑफ-रोडवाल्यांची पंढरी वाटते. पुसदकडे डोंगर, खाली पैनगंगा, वर वर्धा नदी, मधे अरुणावती, बेंबळा, आणि सगळीकडे बारीक पांढुरक्या रेघांचं जाळं. प्रत्येक रेघ म्हणजे ट्रेल. प्रत्यक्षात गेलं की त्यातली एक रेघ नाला निघते, दुसरी धुरा आणि तिसरी मागच्या वर्षी कुणीतरी टाकलेली पाइपलाइन. धुरा ही चीज नकाशावाल्यांना समजत नाही. दोन वावरांमधला तो हातभर रुंदीचा बांध. त्यावरून दोन भावांची तीन पिढ्यांची भांडणं चाललेली असतात. त्यावर तुम्ही चाक ठेवलं की दोघंही एकत्र येतात. घराण्यातली भांडणं मिटवायचा हा एक मार्ग म्हणून चांगला आहे, पण गाडीच्या काचेच्या दृष्टीनं नाही.

एका रेघेच्या तोंडाशी आम्ही गाडी थांबवली. कळंबच्या बाजूचं गाव. बांधावर एक म्हातारे गृहस्थ बैल सोडून बसलेले.

"राम राम काका," डॉक्टर म्हणाले.

"राम राम. कुठं चालले जी?"

"रस्ता पाहून राहिलो."

"हरवला काय?"

"नाही, नाही. खराब रस्ता पाहिजे. जितका खराब तितका बरा."

काका उठून उभे राहिले. धोतर झटकलं. "साहेब, तुमी कोणत्या खात्याचे?"

डॉक्टर म्हणाले, कोणत्याच नाही. यावर काकांचा विश्वास बसला नाही. त्यांचं तर्कशास्त्र बिनतोड होतं: चांगला रस्ता पाहाले मंत्री येतात, खराब रस्ता पाहाले सर्व्हेवाले येतात, आणि हौस म्हणून कोणी येत नाही. त्यांनी पोराला हाक मारली, पाणी आणवलं, आणि घरातून कागद आणायला सांगितला. तो पांदणीसाठी केलेला जुना अर्ज होता. डॉक्टरांनी तो प्रिस्क्रिप्शन वाचावं तसा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "बघतो." खात्याच्या माणसासारखाच त्यांचा आवाज लागला, आणि काकांची खात्री पटली.

पण त्या अर्जातून आम्हाला एक गोष्ट कळली. जगातल्या कुठल्याही ऑफ-रोड क्लबानं वाचलं नसेल इतकं उत्तम ट्रेल-साहित्य आपल्याकडे तहसील कचेरीत पडून आहे. गावनकाशा घ्या. त्यात तुटक दुबार रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे इंग्रजांच्या मोजणीपासून ठरलेलं. वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली ती धुऱ्यावरून मागता येते. असलेली कुणी अडवली तर 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम अजून जिवंत आहे. डॉक्टर हरखले. साडेसोळा फुटांची पांदण! त्यांची गाडी सहा फुटांची. आजूबाजूला दुसरी गाडी घालून ओव्हरटेकही करता येईल.

कागदावर साडेसोळा फूट असलेली ती पांदण प्रत्यक्षात पाहिली तेव्हा काकांच्या एमएम 540 चे दोन्ही आरसे बाभळीत अडकले. असं आहे की पांदणीच्या दोन्ही बाजूंना वावर असतं, आणि दरवर्षी नांगर फिरवताना दोन्हीकडून एकेक तास पांदणीत सरकतो. वाईट हेतू कुणाचाच नसतो. बैल जरा तिकडं ओढतो, एवढंच. शंभर वर्षांत बैलांनी मिळून साडेसोळा फुटांतले नऊ फूट ओढून नेलेले आहेत. उरलेल्या जागेत बोरी, बाभळी आणि सर्व ऋतूंत पाणी धरून ठेवणारं एक डबकं. हे सगळं रीतसर मोजून मोकळं करायचं झालं तर भांडणं लागतात, म्हणून गावकरी त्यातूनच बंडी घालतात. कापूस भरलेली बंडी, वर बसलेलं पोर, पुढं बैलजोडी. ती बंडी त्या डबक्यातून कशी निघते हे डॉक्टरांनी मोबाईलवर चित्रित केलं आणि रात्री चार-चारदा पाहिलं. बैलांना डिफरन्शिअल नसतं, हाच त्यातला मुद्दा आहे.

हे डिफरन्शिअल प्रकरण समजून घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं म्हणून एका ॲक्सलवरची दोन चाकं वेगवेगळी फिरू देणारी ही सोय. डांबरावर फार चांगली. पण चिखलात तिचा स्वभाव कळतो. एक चाक कोरड्यावर आहे, काम करायला तयार आहे. दुसरं गाऱ्यात लटकतंय, नुसतं रिकामं फिरतंय. तर साधं डिफरन्शिअल अशा वेळी फिरण्याचा सगळा वाटा त्या रिकाम्या फिरणाऱ्याला देतं आणि कष्टाळू चाक उपाशी उभं राहतं. शहरातून आलेल्या इंजिनिअरला हे समजावून सांगावं लागतं. यवतमाळच्या माणसाला ते ऐकताच पटतं. त्याला उलट आश्चर्य वाटतं की ही पद्धत मंडळींनी गाडीतसुद्धा कशी नेली.

आणि खाली काळी माती. दख्खनच्या ज्वालामुखींनी कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा ओतला, त्याचा बेसाल्ट झाला, तो कुजून ही माती झाली, आणि तीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती अशी भरली की पाणी लागलं की फुगते आणि वाळली की फाटते. उन्हाळ्यात भेगांत काठी अख्खी जाते. कापूस तिच्यावर फिदा आहे. टायर नाही. पहिल्या दहा फुटांत टायरच्या खाचा भरून तो गुळगुळीत होतो. पुढच्या दहा फुटांत चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरते. मग चाक फिरायचंही थांबतं, आणि गाडी फोर-व्हीलमधून नो-व्हीलमध्ये जाते.

शेतकरी या मातीशी वेळ पाहून वागतो. पाऊस झाला की तो बांधावर जातो, मूठभर माती उचलतो, दाबतो, सोडतो. गोळा झाला तर अजून नाही. भुसभुशीत सुटली तर वाफसा आला. वाफशाशिवाय तो वावरात पाय ठेवत नाही, बैल तर नाहीच. ऑफ-रोडवाला नेमका उलटा. पाऊस झाला की हा मुठीत मोबाईल दाबतो आणि ग्रुपवर लिहितो, "चलो!"

एका शनिवारी रात्री पाऊस चांगला तास-दीड तास कोसळला होता. रविवारी सकाळी सहाला चार गाड्या निघाल्या. एमएम 540वाले काका त्याच पांदणीच्या तोंडाशी आले, उतरले, हबपाशी वाकले, माती उचलून दाबली, परत बसले आणि गाडी बाजूला लावून तंबाखू मळायला लागले. डॉक्टरांनी फोर-लो टाकलं. गाडी ऐटीत शिरली आणि डबक्याच्या मधोमध, पळस दिसत असताना, थांबली. कार्यकर्त्यांची गाडी मदतीला म्हणून मागून आली आणि तीही थांबली. विंचची तार बांधायला मजबूत झाड हवं. होतं ते बाभळीचं, ते तारेबरोबर आमच्याकडे आलं.

बांधावर ट्रॅक्टरवाला दादा कधीचा उभा होता.

"काढता का दादा?"

"काढतो ना. पाचशे."

"पाचशे? चारशे घ्या."

"तुमी अजून एकदा गेअर टाकून पाहा," दादा अतिशय सौजन्यानं म्हणाला, "मी थांबतो."

डॉक्टरांनी एकदा गेअर टाकून पाहिला. गाडी आणखी वीतभर खाली गेली. दादा म्हणाला, "आता सातशे." यापुढे घासाघीस झाली नाही. भाव ठरवण्याची इतकी शास्त्रशुद्ध पद्धत मी कापसाच्या बाजारातसुद्धा पाहिलेली नाही. दादाचा ट्रॅक्टर जुना, टू-व्हील ड्राइव्ह. मागची चाकं माणसाएवढी, पट्टे उभे. साखळी बांधली, एक धूर सोडला, आणि दोन्ही गाड्या रेडकं ओढून काढावीत तशा एकामागून एक बाहेर आल्या. चार चाकांवर चालणाऱ्या दोन गाड्या (एक स्टिकरपुरती) दोन चाकांच्या ट्रॅक्टरनं काढल्या याबद्दल कुणी काही बोललं नाही. पण संध्याकाळी ग्रुपवर दादाचा नंबर जोडण्यात आला, आणि दोन महिन्यांत तो ॲडमिन झाला. आजही सहल ठरवायची तर तारीख त्याच्या पेरणीच्या सोयीनं ठरते.

रानाकडे जावं, तिथं वावरं नाहीत, असं कार्यकर्त्यांनी सुचवलं. रान आहेच. पांढरकवड्याजवळ टिपेश्वर, 1997 साली घोषित झालेलं, जवळजवळ दीडशे चौरस किलोमीटरचं अभयारण्य. खाली उमरखेडकडे पैनगंगेचं. पण तिथं खासगी गाडी घेऊन हवं तिथं घुसायची सोय 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ठेवलेली नाही, आणि ते बरं आहे. आत फिरतात त्या सफारीच्या जिप्सी, ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या वेळी, गाइड घेऊन. जिप्सीचं उत्पादन बंद पडून वर्षं झाली तरी वाघ तिच्याकडे अजून ओळखीच्या नजरेनं पाहतात. कार्यकर्ते म्हणाले, आपली ओळख आहे, एक फोन टाकतो. डॉक्टरांनी त्यांना आठवण दिली की याच जिल्ह्यात राखीव रानात बिनपरवाना घुसण्याचा कार्यक्रम 10 जुलै 1930 ला पुसदला झाला होता. लोकनायक बापूजी अणे पुढं होते आणि त्यांना अटक झाली होती. पण ते गवत कापायला गेले होते, रील कापायला नाही. कार्यकर्त्यांनी फोन खिशात ठेवला.

खरं तर जिल्ह्यातला सर्वांत मोठा ऑफ-रोडवाला टिपेश्वरातूनच निघाला. 2019 च्या जूनमध्ये तिथला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, बाहेर पडला आणि चालायला लागला. तेलंगणात डोकावला, नांदेड-हिंगोलीकडून वर आला, आणि डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटर. पुढं तीन हजारांवर गेला. दिवसा नाल्यात नाहीतर उभ्या पिकात झोप, प्रवास बहुतेक रात्री. लोकांनी नाव ठेवलं 'वॉकर'. हायवे ओलांडले, कुणाच्या वावरात चाकोरी पाडली नाही, ट्रॅक्टर बोलवावा लागला नाही. कशासाठी निघाला होता? तज्ज्ञ म्हणतात, मोकळा इलाखा आणि जोडीदारीण. म्हणजे आमच्यासारखंच: वाट आणि आपल्यासारखं कुणीतरी. त्याला वाट सापडली, जोडीदारीण नाही. ज्ञानगंगेत तो एकटाच वाघ. त्याच्या प्रवासाचा जीपीएसवरचा नकाशा वर्तमानपत्रात आला तेव्हा सगळा देश हळहळला. डॉक्टरांनी मात्र तो जवळ धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही फाइल कुठं मिळते?"

तेव्हा घुसायचं तर पांदणीतच, हे नक्की झालं. गावांचा या प्रकाराकडे पाहण्याचा दृष्टिकोनही हळूहळू निवळला. वेगाचं वेड गावाला नवं नाही. शंकरपट हे काय आहे? सरळ पट्टी, सुटलेली बैलजोडी, सेकंदांचा हिशेब, आणि बांधावर हजारो माणसं. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये तो बंद केला, राज्यानं 2017 मध्ये कायदा बदलला, मे 2023 मध्ये घटनापीठानं त्या कायद्याला मान्यता दिली, आणि पट पुन्हा जोरात सुरू झाले. पटाची जोडी पाहिलेल्या माणसाला थारचं कौतुक बेताचंच वाटणार. एका पटात डॉक्टरांची गाडी उभी पाहून एका शौकिनानं चारी बाजूंनी फिरून तिचं निरीक्षण केलं, टायरवर थाप मारली आणि विचारलं, "काय खाते?" डिझेल म्हटल्यावर त्याचा रस संपला.

सहलींचं स्वरूपही बदललं. आधी ट्रेल ठरायचा आणि मग जेवणाचं पाहायचं. आता उलटं. कुणाच्या वावरात विहीर, आंब्याची सावली आणि गोवऱ्यांचा ढीग आहे हे आधी पाहिलं जातं. रोडगे लागायला दोन तास लागतात; कणकेचे ते गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरले, वांग्याची भाजी चुलीवर चढवली, की मग ज्याला गाडी रुतवायची आहे त्यानं जवळच्या नाल्यात जाऊन रुतवून यावी, असा आता शिरस्ता आहे. रोडगे तुपात बुडेपर्यंत दादा ट्रॅक्टर घेऊन येतोच. ठेकेदारसुद्धा हल्ली रविवारी येतात. डांबरावरून, थेट जेवणाला.

पण खरा घोटाळा त्या कळंबकडच्या पांदणीनं केला. डॉक्टरांनी आपल्या फसण्याचं रील टाकलं होतं. मागं ढोल-ताशा, पुढं उडणारा गारा, मधे ट्रॅक्टर. ते फिरत फिरत त्याच गावच्या सरपंचांकडे पोचलं. सरपंच हुशार. 2021 पासून मातोश्रींच्या नावानं शेत-पाणंद रस्त्यांची योजना आहेच. त्यांनी त्या रीलचे चार रंगीत फोटो काढले आणि जुन्या अर्जाला जोडले. खाली लिहिलं: 'सदर रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह वाहनेसुद्धा निकामी होतात, तरी शेतकऱ्यांच्या बंड्यांचे काय होत असेल याचा विचार व्हावा.' बाभळी गेल्या. मोजणी झाली. आठ-नऊ फूट परत मिळाले. डबक्यात मुरूम पडला, वर रोलर फिरला. पुढच्या पावसाळ्यात आम्ही गेलो तेव्हा तिथून एक बाई स्कूटीवर, डबा सांडू न देता, निघून गेली.

बांधावरच्या काकांनी डॉक्टरांना ओळखलं, पोराला हाक मारून चहा आणवला. डॉक्टर चेहरा पाडून मुरमाकडे पाहत होते. एवढा सुंदर ट्रेल. तेवढ्यात शेजारच्या गावचे दोघं मोटारसायकलवरून आले. सरपंचांनी त्यांना मुद्दाम पाठवलं होतं. एकानं खिशातून घडी घातलेला अर्ज काढला, दुसऱ्यानं डॉक्टरांना नमस्कार केला.

"साहेब, आमच्या पांदणीत बी एक डाव फसून जा ना. गारा चांगला आहे, कमरेइतका. फोटो आमी काढतो."

"आणि ट्रॅक्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

"फुकट. रोडगे बी आमच्याकडून. फक्त आधी कळवा, पाणी सोडून ठेवतो."